नकाशातली कोरी जागा: आपत्तीची जोखीम कमी करण्याच्या कामात नकाशाकार नेमकं काय करतो?

समोच्चरेषा

मागे एका धाग्यावर मी ओघात लिहिलं होतं की पूर, दरडी, त्सुनामी यांच्या धोक्याचे नकाशे करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यानंतर बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं की हे काम म्हणजे नक्की काय, त्यात यायचं कसं, नुसता भूगोल शिकलेल्याला जमेल का. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते. विषय जिव्हाळ्याचा आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाहेरून हे काम असं दिसतं: भूकंप होतो, उपग्रहाची चित्रं येतात, कोणीतरी रात्रभर बसून पडलेल्या इमारतींवर लाल ठिपके लावतं. तेही आम्ही करतो. युरोपियन आणि फ्रेंच अंतराळ संस्थांनी १९९९ मध्ये पुढाकार घेऊन एक आंतरराष्ट्रीय सनद तयार केली, तिच्यामुळे मोठ्या आपत्तीनंतर उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. युरोपची कोपर्निकस आपत्कालीन नकाशा सेवा २०१२ पासून चालू आहे. बचावपथकांना या सगळ्याचा मोठा आधार असतो. पण जोखीम कमी करायची म्हणाल तर तोवर उशीर झालेला असतो. माझा बहुतेक वेळ काहीच घडलेलं नसताना जातो: उंचीची माहिती तपासणं, जुन्या पुरांच्या खुणा गोळा करणं, तक्ते जुळवणं, आणि नकाशा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासोबत बसून तो त्यांना वाचता येतो का ते बघणं.

नदीकाठच्या ओसाड माळावर दोन पुरुष पाणी चढलं तर त्याची बातमीही होत नाही. तेच पाणी गुडघाभर का होईना, दवाखान्याच्या तळघरात शिरलं आणि जनरेटर तिथेच असला, तर तिसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनवर असलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. म्हणजे पाणी कुठवर येईल एवढंच काढून भागत नाही. संकट कुठे येणार, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि जे वाटेत आहे त्याची सोसायची ताकद किती, हे तीन थर एकावर एक ठेवले की दिसते ती जोखीम. २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात जगभरच्या देशांनी २०३० पर्यंतचा जो आराखडा मान्य केला, त्यातल्या चार प्राधान्यांपैकी पहिलं 'जोखीम समजून घेणं' हेच आहे. आमचं काम बरंचसं त्यात बसतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. नकाशा हातात आला की सगळ्यांची नजर आधी लाल रंगावर जाते. माझी झोप उडते ती रंग न दिलेल्या जागेमुळे. तिथे खरंच धोका नसेल. किंवा असेल, पण कोणी तपासलाच नसेल. किंवा तपासला, पण आमच्या साधनाला तो दिसला नसेल. किंवा धोका दिसला, पण तिथली घरं कुठल्याच यादीत नव्हती म्हणून जोखीम शून्य आली असेल. कागदावर हे चारही सारखेच पांढरे, आणि बघणारा त्यातून एकच अर्थ काढतो: आपण सुटलो.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते. लोकसंख्येचा तक्ता एका कार्यालयातून आला होता, गावांच्या सीमा दुसऱ्याकडून. दोन्ही मी गावाच्या नावावरून जोडले. काही नावांचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं होतं, ती जुळली नाहीत. सॉफ्टवेअरने तिथे रकाना रिकामा ठेवला. पुढचं सूत्र अडायला नको म्हणून मी रिकाम्या रकान्यांत शून्य भरलं. त्या एका क्लिकने अकरा गावांतली सगळी माणसं नाहीशी झाली, आणि नकाशा दिसायला अगदी नीटनेटका! छापायला जायच्या आदल्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथली शाळा मी पाहून आलोय. मग इथे माणसं कशी नाहीत?"

तेव्हापासून कानाला खडा. 'शून्य' आणि 'माहीत नाही' माझ्या तक्त्यात कधीही एका रकान्यात येत नाहीत. जोडणी नावावरून करायची नाही, गावाच्या संकेतांकावरून करायची, आणि जोडल्यावर किती ओळी गळल्या ते मोजायचं. जिथली माहिती नाही तिथे नकाशावर तिरप्या रेघा मारायच्या, कोरं ठेवायचं नाही.

विचारा काय विचारायचं ते.

पाऊलखूण

समोच्चरेषाताई, धाग्यासाठी खूप आभार. मी भूगोलात एमए करतोय, शेवटचं वर्ष. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं, पण आमच्याकडे सगळं तयार माहिती घेऊन शिकवतात. शून्य आणि रिकामा रकाना यात फरक असतो हे आज पहिल्यांदा असं समजलं. प्रोग्रामिंग आलंच पाहिजे का?

खडकमाती

चांगला धागा. मी भूविज्ञानाकडून या कामाशी जोडलेला आहे, म्हणून एक दुसरी बाजू मांडतो.

कोलंबियातला नेवादो देल रुईस हा ज्वालामुखी. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याच्या धोक्याचा नकाशा तयार होता. चिखलाचे लोंढे कोणत्या खोऱ्यांतून उतरतील ते त्यात दाखवलं होतं, आणि आर्मेरो हे गाव त्या पट्ट्यात होतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला, शिखरावरचं बर्फ वितळलं, आणि अडीचेक तासांत चिखल आर्मेरोत शिरला. त्या आपत्तीत सुमारे २३,००० माणसं गेली. गाव वसलं होतं तेच मुळी १८४५ च्या चिखललोंढ्याने आणून टाकलेल्या गाळावर.

तुमचं कोऱ्या जागेबद्दलचं म्हणणं पटतं. पण आर्मेरोची जागा कोरी नव्हती. तिथे रंग होता. मग?

समोच्चरेषा

@खडकमाती, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. रंग बरोबर जागी देणं म्हणजे अर्धंच काम. जपानमध्येच बघा. २०१८ च्या जुलैत कुराशिकी शहराच्या माबी भागात पूर आला. पाणी जिथे जिथे पसरलं ते लोकांना आधी वाटून दिलेल्या नकाशाशी जवळजवळ जुळत होतं, आणि तरी एकट्या माबीत ५० च्या वर माणसं दगावली. नकाशा घरात असणं आणि तो डोक्यात असणं यात अंतर आहे.

ते अंतर कमी करायला मी काय करते, तर नकाशा पूर्ण व्हायच्या आधीच तो लोकांच्या हातात देते. कच्चाच. "तुमचं घर दाखवा" एवढंच म्हणते. ज्याला स्वतःचं घर अर्ध्या मिनिटात सापडत नाही, त्याच्यासाठी तो नकाशा नाहीच. मग मी पाण्याची टाकी, पूल, प्रार्थनास्थळ, शाळा, लोक ज्या खुणांवरून पत्ता सांगतात त्या वाढवते. कितीही शास्त्रशुद्ध रंग दिले तरी या खुणांवाचून ते हवेत लटकलेले राहतात.

रंगांवरून आणखी एक. एका कामात आम्ही हिरवा, पिवळा, लाल अशी नेहमीची पट्टी वापरली होती. पडद्यावर झकास. काही महिन्यांनी त्याच नकाशाची प्रत एका कार्यालयाच्या भिंतीवर दिसली, काळ्यापांढऱ्या झेरॉक्सची झेरॉक्स. लाल आणि हिरवा एकसारखे करडे झाले होते आणि मधला पिवळा जवळजवळ पांढरा. मध्यम धोक्याची गावं सगळ्यात सुरक्षित दिसत होती! बारा पुरुषांमागे साधारण एकाला लाल-हिरव्यातला फरक तसाही नीट दिसत नाही. आता मी फिक्याकडून गडदकडे जाणारी एकाच रंगाची पट्टी घेते, आणि प्रत्येक नकाशा पाठवण्याआधी काळ्यापांढऱ्यात छापून भिंतीवर लावून दोन पावलं मागे जाऊन बघते. हिरवा तर मी धोक्याच्या नकाशातून काढूनच टाकला आहे. हिरवा म्हणजे 'जा', असं डोकं आपोआप वाचतं.

@पाऊलखूण, प्रोग्रामिंगचं सावकाश सांगते, त्याआधी तुझ्यासाठी एक गोष्ट. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या कामाइशी शहरातली जवळजवळ ३,००० शाळकरी मुलं वाचली. तिथल्या उनोसुमाई भागातली प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा, दोन्ही नकाशातल्या पाण्याच्या रेषेच्या बाहेर होत्या. म्हणजे माझ्या भाषेत, कोऱ्या जागेत. दोन्ही पाण्याखाली गेल्या. मुलं वाचली, कारण काटादा तोशिताका या प्राध्यापकांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलेलं पहिलंच सूत्र असं होतं की नकाशात धरलेल्या अंदाजावर विसंबू नका. ठरलेल्या जागी पोचल्यावरही मुलं थांबली नाहीत, आणखी उंचावर गेली. नकाशे करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. आपण ओढलेली रेषा हा अंदाज आहे, आणि तो अंदाज आहे हे सांगण्याची जबाबदारीही आपलीच.

शेकडेवारी

रेषेवरून आठवलं. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग नकाशांवरून हद्दपार करायला हवा. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. ०.९९ चा तिसावा घात काढा, साधारण ०.७४ येतो. म्हणजे त्या रेषेच्या आत तीस वर्षं राहिलात तर निदान एकदा तसा पूर बघण्याची शक्यता २६ टक्के. चौघांत एक. घराचं कर्ज फेडून होईपर्यंतचा काळ आहे हा.

प्रवाह

शेकडेवारीशी सहमत. मी नद्यांच्या बांधबंदिस्तीचं काम केलेलं आहे, माझ्याकडून कोऱ्या जागेचा पाचवा प्रकार: 'बांधाने सुरक्षित केलेली' जागा.

१८ ऑगस्ट २००८ रोजी कोसी नदीचा बांध नेपाळमध्ये कुसहा इथे फुटला. त्या दिवशीचा प्रवाह बांध ज्यासाठी बांधला होता त्याच्या जवळपासही नव्हता, कितीतरी कमी होता. फुटल्यावर नदी आपल्या जुन्या पात्रांत शिरली आणि बिहारमधल्या लाखो लोकांना घरं सोडावी लागली. यातल्या कित्येकांनी बांध झाल्यापासून पूर पाहिलाच नव्हता. बांध पुराला थोपवतो आणि त्याच वेळी त्याच्या मागे वस्ती वाढवतो. कोणत्याही नकाशात बांधामागची जागा कोरी दिसली की मी आधी विचारतो, बांध फुटला असं धरून कोणी हिशेब केलाय का?

समोच्चरेषा

@प्रवाह, अगदी. बांधामागच्या जागेला आम्ही वेगळी रेघांची नक्षी देतो आणि शेजारी लिहितो, 'बांध शाबूत असेपर्यंत'. तीन शब्दांसाठी कधी कधी चार बैठका होतात, कारण ज्यांनी बांध बांधला त्यांना ते शब्द टोचतात. तरी मागे हटायचं नाही.

कोडकरी

मी सॉफ्टवेअरवाला. प्रामाणिक प्रश्न आहे, गैरसमज नसावा. इमारती आता उपग्रहाच्या चित्रावरून मशीनच ओळखतं. पुराचं पाणी रडारच्या चित्रावरून आपोआप कळतं. उंचीची माहिती सगळ्या जगाची फुकट मिळते. मग दहा वर्षांनी या कामात माणूस कशासाठी लागेल?

समोच्चरेषा

@कोडकरी, प्रश्न रास्त आहे. तिन्ही गोष्टी मी रोज वापरते आणि त्यांच्यामुळे काम फार सोपं झालंय. एकेक घेऊ.

उंची. एसआरटीएम ही फुकट मिळणारी, फार वापरातली उंचीची माहिती. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने मोजली. पण रडारला बहुतेक ठिकाणी दिसला तो जमिनीवरचा पसारा: झाडांचे शेंडे, इमारतींचे माथे. किनाऱ्यालगतची दाट वस्ती त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा उंच दिसते, मॉडेलमधलं पाणी तिथे पोचतच नाही, आणि जागा कोरी राहते. २०१९ मध्ये 'क्लायमेट सेंट्रल'च्या संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून किनारी पाण्याच्या धोक्यात असलेल्या माणसांचा जागतिक अंदाज पुन्हा काढला, तर तो आधीच्या सुमारे तिप्पट आला. पाणी तेवढंच, किनारा तोच!

उंची कशापासून मोजली हा वेगळाच सापळा आहे. हातातलं जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतं, उंचीचे बहुतेक नकाशे समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या जिऑइडपासून. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात या दोहोंत १०० मीटरहून जास्त फरक आहे. दोन्ही आकडे मीटरमध्येच असतात, फाइल निमूट उघडते, कुठलीही चूक दाखवत नाही.

रडार. सेंटिनल-१ सारखा उपग्रह ढगांतून आणि रात्रीही बघतो, पुरासाठी हे वरदान. संथ पाण्यावर आदळलेली लहर आरशावरून जावी तशी पलीकडे निघून जाते, म्हणून पाणी चित्रात काळं दिसतं. पण वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की ते काळं राहत नाही. झाडीखालच्या पाण्यातून लहर खोडांवर आपटून परत येते आणि उलट जास्त उजळ दिसते. दाट वस्तीत भिंतींमुळे तोच गोंधळ. शिवाय उपग्रह त्या जागेवरून काही दिवसांच्या अंतराने जातो. पूर रात्री चढून पहाटे ओसरला तर त्याची नोंदच नाही. अशा वेळी आपोआप झालेल्या नकाशात जी जागा कोरी असते, तिचा अर्थ 'पाणी नव्हतं' असा होत नाही.

इमारतींचं 'रात्रपाळी' जास्त चांगलं सांगतील, ते धागा वाचत असतील तर.

यंत्र उत्तर देतं. ते कुठे गप्प बसलंय हे शोधायला अजून तरी माणूस लागतो, आणि त्या माणसाला कोडही यावं लागतं. म्हणून @पाऊलखूण, हो, पायथन शिक. एसक्यूएल, म्हणजे तक्ते जोडायची-चाळायची भाषा, त्याहून आधी शिक, कारण जोडण्या तिथेच तुटतात.

रात्रपाळी

वाचतोय, वाचतोय. मी या क्षेत्रातला नाही, दिवसा हिशेब तपासतो आणि रात्री स्वयंसेवक म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, घरं गिरवतो.

सुरुवात हैतीमुळे झाली. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाच्या वेळी पोर्ट-ओ-प्रिन्सचा खुला नकाशा जवळपास रिकामा होता. जगभरातल्या शेकडो लोकांनी घरबसल्या उपग्रहाच्या चित्रांवरून रस्ते आणि इमारती गिरवल्या, आणि थोड्याच दिवसांत तो बचावपथकांच्या कामी येऊ लागला. त्यातूनच पुढे त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. २०१४ मध्ये 'मिसिंग मॅप्स' सुरू झालं, त्याचा रोखच असा की आपत्ती यायच्या आधी गिरवून ठेवा.

यंत्राबद्दल: ते मोठे कारखाने आणि सिमेंटची छपरं बिनचूक ओळखतं. गवताने शाकारलेलं, मातीच्याच रंगाचं छप्पर ते हमखास सोडतं, आणि मोठा खडक किंवा कडब्याची गंजी घर म्हणून धरतं. गूगलच्या खुल्या इमारतींच्या साठ्यात प्रत्येक आकारासोबत खात्रीचा आकडा दिलेला असतो, तो न बघता वापरू नका. मी स्वतः छपरापेक्षा सावली बघतो. घराच्या सावलीला कड सरळ असते. आणि पायवाटा बघतो. चारी बाजूंनी पायवाटा एका ठिपक्याशी येत असतील तर तिथे माणूस राहतो.

समोच्चरेषा

@रात्रपाळी, तुमचा पायवाटांचा शेवटचा मुद्दा मी माझ्या प्रशिक्षणाच्या टिपणांत घालतेय, परवानगी गृहीत धरून. ज्याचं छप्पर यंत्राला दिसत नाही, तेच घर वादळात आधी उडतं. म्हणजे सोसायची ताकद ज्याची कमी, तोच नकाशातून गळतो. या कामातली सगळ्यात मोठी अन्यायाची जागा ही आहे, असं माझं मत.

ओसरी

मी वस्त्यांमध्ये काम करते, नकाशे जमिनीवर खडूने काढून घेते. कॉम्प्युटर नाही. तरी लिहू का असं वाटत होतं, पण शेवटचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

बाहेरून आलेले लोक विचारतात, "पाणी किती फूट आलं होतं?" फूट कोण मोजतं हो त्या वेळी? माणूस उत्तर देतो, पण ते विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. मी विचारते, "उंबऱ्यावर उभे राहिलात तर कुठपर्यंत?" लगेच हात जातो. घोट्याशी, गुडघ्याशी, कमरेशी. मग मी टेपने उंबरा ते हात मोजते आणि उंबरा ते बाहेरची जमीन वेगळं मोजते. घराघरांचं जोतं वेगळं असतं, ते धरलं नाही तर शेजारशेजारच्या दोन घरांत हातभर फरक येतो आणि कॉम्प्युटरवाले म्हणतात लोक खोटं सांगतात.

आणि बाया-पुरुषांकडून वेगवेगळा नकाशा काढून घ्यावा. एकदा पुरुषांनी रस्ता, चावडी, शेतं काढली. बायांनी पाणवठ्याच्या वाटा काढल्या, कुठल्या वाटेवर शेवाळ धरतं ते काढलं, आणि कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथे एकेक खडा ठेवला. नऊ खडे होते. ते नऊ खडे कुठल्याही तक्त्यात नव्हते.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खडू हातात घेऊन दोन आळ्यांच्या मधून एक वाकडी रेघ ओढली. म्हणाले, "इथून ओढा वाहायचा. बुजवून घरं झाली." त्याच रेघेवरच्या घरांत दर पावसाळ्यात पाणी येतं.

समोच्चरेषा

@ओसरी, तुमचा प्रतिसाद वाचून मी मिनिटभर नुसती बसून राहिले. तुम्ही जे करता ते नकाशाशास्त्रच आहे, कॉम्प्युटर असो नसो. आमच्या उंचीच्या माहितीत ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच आकडा असतो, बुजवलेला ओढा त्यात दिसत नाही. हातभर खोलगट जागा चौकोनाच्या सरासरीत विरून जाते. लायडारमध्ये, म्हणजे लेझरने केलेल्या बारीक मोजणीत, दिसेल कदाचित, पण तो प्रत्येक ठिकाणी कुठून आणायचा? त्या गृहस्थांची रेघ मी थर म्हणून नकाशात घेईन, आणि स्रोत म्हणून 'रहिवाशांनी दाखवलेलं जुनं पात्र' असं लिहीन.

जपानमधलंच पुन्हा एक सांगते. अनेयोशी या गावात १९३३ च्या त्सुनामीनंतर उभारलेला दगड आहे, त्यावर कोरलंय की याच्या खाली घरं बांधू नका. गावाने ते पाळलं, आणि २०११ मध्ये पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. २०१९ मध्ये जपानच्या नकाशा संस्थेने अशा आपत्तीच्या स्मारकशिळांसाठी अधिकृत नकाशांत स्वतंत्र चिन्ह आणलं. लोकांची आठवण नकाशाच्या सूचीत जाऊन बसली, याचं मला फार अप्रूप आहे.

ओसरी

आभार. पण एक काळजीही सांगते. धोक्याचा नकाशा झाला आणि वर्षभरात त्याच नकाशाचा कागद दाखवून वस्ती उठवायला लोक आले, असं मी पाहिलंय. त्याच पट्ट्यातल्या मोठ्या इमारतींना मात्र कोणी हात लावला नाही. त्यानंतर लोक खडू हातात घ्यायला तयार होईनात. त्यांना काय सांगू?

समोच्चरेषा

त्यांची भीती खरी आहे, ती भ्रामक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मी माझ्यापुरते काही नियम केलेत. घरागणिक माहिती, तुमच्या त्या नऊ खड्यांसारखी, वस्तीच्या बाहेर जाणाऱ्या नकाशात कधीच घालत नाही. ती वस्तीच्या बचावगटाकडे कागदावर राहते. बाहेर जातो तो आळीनिहाय एकत्र केलेला आकडा. नकाशा आधी रहिवाशांना मिळतो, मग कार्यालयाला. काम घेतानाच लेखी विचारते की हा नकाशा कोणत्या निर्णयासाठी वापरणार. उत्तर गोलमोल आलं तर काम सोडते. दोनदा सोडलंय. आणि धोक्याचा पट्टा काढायचा तर पूर्ण काढायचा, मोठ्या इमारती धरून.

यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर आहे असं मात्र मला वाटत नाही. कागद एकदा हातातून सुटला की सुटलाच.

पाऊलखूण

नोकरी कुठे मिळते हे कोणी सांगेल का? आणि मी आता लगेच काय करू शकतो?

समोच्चरेषा

नोकरीचं थोडक्यात: सरकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं आणि सुदूर संवेदन (उपग्रहावरून पाहणी करणारी) केंद्रं, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था (युनोसॅट ही तर उपग्रह नकाशांचंच काम करते), रेड क्रॉस, अभियांत्रिकी सल्लागार कंपन्या, विमा आणि पुनर्विमा कंपन्यांचे जोखीम-मॉडेल विभाग, विद्यापीठं. बरीचशी कामं कंत्राटी आणि प्रकल्पापुरती असतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. मुलाखतीत मी उमेदवाराला सुंदर नकाशा मागत नाही. त्याने केलेल्या नकाशात काय चुकलेलं असू शकतं ते विचारते.

लगेच करण्यासारखं: तू कधीही न पाहिलेला, नदीकाठचा एक छोटा भाग निवड. फुकटची उंचीची माहिती घे, आणि प्रत्येक चौकोन जवळच्या प्रवाहापेक्षा किती उंच आहे ते काढ. पाच मीटरच्या आतलं सगळं रंगव. त्यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या इमारती टाक. मग रंग असलेली जागा सोडून दे आणि इमारती नसलेल्या जागांची यादी कर, प्रत्येकीपुढे ती कोरी का असावी ते लिही. इथेच टाक.

पाऊलखूण

तीन आठवडे लागले, उशिराबद्दल माफी. पाच मीटरच्या आत ओपनस्ट्रीटमॅपवर ३८ इमारती होत्या. कोऱ्या जागा सात निघाल्या. त्यातल्या चार ठिकाणी खरोखर शेतं आहेत. एका ठिकाणी झाडी इतकी दाट आहे की खालचं काही कळत नाही, तिथे मी तिरप्या रेघा मारल्या. उरलेल्या दोन ठिकाणी उपग्रहाच्या चित्रात छपरं दिसतात, पण कोणी गिरवलीच नव्हती. रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे सावल्या आणि पायवाटा बघत गेलो. २१२ घरं गिरवली. ३८ ची २५० झाली.

रात्रपाळी

शाब्बास! दोनचार जागी दोन छपरं एकत्र गिरवली आहेत, मी तपासून सुटी केली. बाकी काम चोख.

समोच्चरेषा

@पाऊलखूण, फार बरं वाटलं. एकच विचारते. ज्या चित्रावरून गिरवलंस ते कोणत्या तारखेचं होतं?

पाऊलखूण

बघितलं नव्हतं, आत्ता बघितलं. २०१६ चं आहे.

समोच्चरेषा

मग शीर्षकाच्या खालीच, ठळक अक्षरांत लिही: 'घरं २०१६ च्या चित्रावरून'. तळटीपेत नको, तिथपर्यंत कोणी वाचत नाही. आणि त्या भागाचं नवीन चित्र मिळतंय का ते शोध. नदीच्या बाजूच्या कडेपासून सुरुवात कर, वस्ती सहसा तिकडेच सरकलेली असते.